टिकटिकीशिवाय

कपाटाचं दार ढकलून ती बाहेर आली, तेव्हा केस कपाळाला चिकटले होते. आत दोन रजया, चार जाड कोट आणि मधोमध माइक. जाड कपड्यांत आवाज घुमत नाही, म्हणून वर्षभर ती कपाटातच गात होती. दिवसभर लोकांचे केस कापायचे आणि उरलेल्या वेळात हे. पण सगळा जीव ह्यातच.

“झालं?” नवऱ्याने विचारलं. तो टेबलाशी एक मनगटी घड्याळ उघडून बसला होता.

“झालं. कानातल्या टिकटिकीला धरून गायले, अगदी शेवटपर्यंत.”

“मग तोंड का एवढंसं?”

“ऐका म्हणजे कळेल.”

त्याने ऐकलं. घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेलेला माणूस. तिच्या लयीची टिंगल करायची एकही संधी तो सोडत नसे. या वेळी मात्र इतकंच म्हणाला, “बरोबर आहे गं. पण ह्यात तू कुठे दिसत नाहीस.”

घोडं अडलं होतं ते इथेच. गाणं तिचं स्वतःचं, शब्द आणि चाल दोन्ही. लांबच्या एका शहरातले शाळामास्तर गिटार वाजवून ते जुळवत होते. तिसऱ्याच कुठल्या गावचा एकजण ड्रम वाजवणार होता. कुणी कुणाला कधी भेटलेलं नाही. प्रत्येकाने आपापल्या घरी, कानात तीच टिकटिक लावून, आपला भाग वाजवायचा आणि नेटवरून पाठवायचा. तरच तुकडे एकमेकांवर नीट बसतात. तिने आधी पाठवलं होतं ते टिकटिक बंद करून गायलेलं. ते कुठे रेंगाळत होतं, कुठे धावत होतं. आणि तिसऱ्या कडव्यात, आईच्या हातांबद्दलची ओळ यायच्या आधी, तिचा गळा भरून आला होता आणि ती चक्क थांबली होती.

मास्तरांचा निरोप सभ्य होता, म्हणूनच जास्त लागला. ‘ताई, यावर काहीच बसत नाही. संध्याकाळपर्यंत टिकटिकीवर गाऊन पाठवा. नाहीच जमलं तर दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेऊ. इतकी चांगली चाल वाया जायला नको.’

तिने आईवर केलेलं गाणं, आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडी!

“हेच पाठवते,” ती म्हणाली. “निदान माझ्या आवाजात तरी राहील.”

“लोकांना नाचता येत नाही आणि ते अंगणाला नावं ठेवतात. तुला नाचता येतं गं. तुझं अंगणच वाकडं आहे.”

तिला हसूही आलं आणि रडूही. तेवढ्यात मौनीबाबाची फाइल येऊन पडली.

मौनीबाबा म्हणजे तो ड्रमवाला. इतके दिवस ग्रुपवर असून कधी कुणाला साधं ‘वा’ म्हणाला नव्हता, म्हणून हे नाव. आज मात्र त्याने फाइलखाली लिहिलं होतं, ‘ताईंनी आधी पाठवलेलं गाणंच घेतलं आहे. टिकटिक लावली नाही. त्यांच्या श्वासावर वाजवलं. मी अतिदक्षता विभागात नर्स आहे, दिवसभर श्वासच ऐकतो.’

इयरफोनचं एक टोक तिने स्वतःच्या कानात घातलं, एक नवऱ्याच्या.

ड्रमवर काठी पडतच नव्हती, नुसता तारेच्या ब्रशचा हलका हात फिरत होता. ती रेंगाळली तिथे तो रेंगाळला. ती धावली तिथे तो धावला. मागोमाग आला असता तर समजण्यासारखं होतं. तो मागून येत नव्हता, बरोबर चालत होता. पुढे कुठे वळायचं हे गाताना तिचं तिलाच माहीत नव्हतं. मग ह्याला कसं कळलं? तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

“अहो, हा माणूस मी कधी पाहिलासुद्धा नाही हो.”

“गप. ऐकू दे.” नवऱ्याच्या हातातला चिमटा हवेतच राहिला होता.

तिसरं कडवं आलं. शरमून तिने आवाज कमी करायला हात पुढे केला, तो नवऱ्याने धरून ठेवला. गाणं थांबलं. ड्रमही थांबला. त्या जागेत त्याने काही भरलं नव्हतं आणि ती जागा कापलीही नव्हती. नुसतं थांबून राहिला. मग तिच्या ओळीबरोबर, तिच्या पहिल्या अक्षराला, त्याचा हात पडला.

गाणं संपलं. फोन वाजला तो मास्तरांच्या निरोपाने. ‘ताई, चूक झाली. टिकटिकीवरचं पाठवू नका. मी गिटार नव्याने वाजवतो. आणि ते थांबणं कुणीही कापायचं नाही.’

तिने डोळे पुसले. नवरा म्हणाला, “तिसरं कडवं परत लाव. आवाज मोठा कर. मला तिथे काहीतरी ऐकू आलं.”

तिने लावलं. पुन्हा ती शांतता. शांतता संपताना एक श्वास आत गेला, मध्येच अडखळला आणि पुन्हा आत गेला.

“हा तुझा,” तो हळूच म्हणाला.

तिने मान डोलावली. तिलाही आता ऐकू येत होतं. त्या श्वासाच्या खाली, त्याच क्षणी, ड्रमच्या माइकने टिपलेला, एका पुरुषाने तोंडाने घेतलेला आणखी एक श्वास होता. आणि तोही मध्येच अडखळला होता.