अंगणातली इर्जिक

एरोने मोठं ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं. धुरावर भाजलेला अख्खा सामन मासा.

"लॉटरी लागली का रे?" शेजारचा काउको पालापाचोळा ओढायच्या दाताळ्यावर रेलून म्हणाला. "इर्जिक म्हटली की वाटाण्याचं सूप. हा थाट कशापायी?"

सगळे हसले. एरोही हसला. बर्फ वितळलं की वसाहतीतली झाडून सगळी घरं अंगण साफ करायला उतरायची. मजुरी नाही, राबेल तो जेवेल, अशी ही इर्जिक.

तुलिक्की तेवढी हसली नाही. वाचनालयातून निवृत्त झालेली ही बाई मोठ्या डावाने सूप वाढत होती. सकाळीच तिने बातमी वाचली होती. छोट्या वाचनालयांसाठी एरोने सुरू केलेला, तिच्यासारख्या शेकडो लोकांनी फुकट राबून उभा केलेला संगणकाचा प्रोग्राम त्याने एका कंपनीला विकला होता.

"गुरुवारी मी प्रोग्रामला एक दुरुस्ती पाठवली होती," ती हळूच म्हणाली. "तीही गेली का त्यात?"

"गेली."

"चालतेय ना नीट?"

"उत्तम."

"बरं झालं." क्षणभर तिचा चेहरा खरोखरच खुलला. एरोने मान खाली घातली.

"आमच्या वाचनालयाला आता परवडायचा नाही तो," ती म्हणाली.

"तुम्हाला मी फुकट मिळवून देईन. शब्द देतो."

"फुकट तर होताच की, एरो."

"नवी आवृत्ती तेवढी विकत; जुना प्रोग्राम खुलाच राहणार आहे. कुणीही वापरावा."

"आणि बिघडला की बघणार कोण?"

"इतकी वर्षं मीच बघत होतो ना!" त्याचा आवाज चढला, मग त्याने तो आवरला. "मोठमोठ्या कंपन्याही तो फुकट वापरायच्या आणि बिघडला की ऐन रविवारी मलाच झापायच्या. तेव्हा हात लावायला कुणी येईना. थकलो हो मी, तुलिक्की."

तुलिक्कीचा डाव पातेल्यातच थांबला.

"मग सांगायचं होतंस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी इर्जिक घातली असती."

तिने वाडगा काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवला आणि ती पुढच्या माणसाकडे वळली. काउको बोटांनी मासा सोडवत मिटक्या मारत होता.

एरोने वाडग्याला हात लावला नाही. भिंतीला टेकवलेलं दाताळं त्याने उचललं आणि साफ केलेलंच अंगण तो पुन्हा साफ करू लागला.