पांढऱ्या पेशींचा लगाम

न्यूमोनियाने भरलेलं आबांचं फुफ्फुस पडद्यावर दिसत होतं. त्यांच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी यंत्राने त्याच्या कडेला थोपवून धरल्या होत्या. डॉक्टर मुकादमांनी पेशींचा हा लगाम सैल-घट्ट करणारी चकती आबांच्या मुलीपुढे, केतकीपुढे सरकवली.

“पेशी मोकळ्या सोडल्या तर जंतू मरतील, पण फुफ्फुसही होरपळेल. आबा वाचतील, सनईपुरता दम मात्र उरणार नाही. आवरून धरल्या तर फुफ्फुस शाबूत राहील, पण मग आबांचा भरवसा मी देऊ शकत नाही.”

आबा बेशुद्ध होते. देवळातली पहाटेची सनई त्यांची होती, आणि घरातल्या मुलीने तिला हात लावायचा नाही, ही शिस्तही त्यांचीच.

केतकीने चकती पूर्ण फिरवून लगाम सोडला.

महिन्याभराने आबांनी घरी सनई तोंडाला लावली. सूर उमटला आणि अर्ध्यातच विरला.

“कुणी ठरवलं हे?”

“मी, आबा.”

आबांनी सनईची पत्ती काढली, नेहमीसारखी ओठांत भिजवली, पुन्हा बसवली आणि सनई केतकीच्या हातात दिली.

“ताठ बस,” ते म्हणाले. “श्वास पोटातून घे.”