टिनपॉट ओढ्यावरचा खांब

खांब तीस सेंटीमीटर खोटं बोलत होता. टेगनने लेझर लावून तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तीसच. टिनपॉट ओढ्याचं पाणी रस्त्यावर किती चढलंय ते कळावं म्हणून कौन्सिलने तो खांब रोवलेला. रस्त्यावर वीस पाणी असलं की तो पन्नास दाखवायचा. टेगन बिंडारा गावची नवी इंजिनिअर. तिने डेस हॉलोरनला बोलावून घेतलं. गावचे रस्ते, गटारं, नळ, खांब, एकतीस वर्षं सगळं डेसच्याच हातचं.

डेसने आढेवेढे घेतले नाहीत. खांब आपणच तीस सेंटीमीटर जास्त खोल पुरला, म्हणाला. एकोणीस वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ कॉलिन इथे आला, खांबावर साठ वाचलं, ‘जाईल की’ म्हणाला आणि गाडी घातली. गाडी तिसऱ्या दिवशी सापडली, कॉलिन पाचव्या. या गावातला माणूस साठला थांबत नाही, हे डेसला त्या आठवड्यात कळलं. पाणी उतरल्यावर तो एकटाच फावडं घेऊन आला. पुन्हा कुणी साठ वाचून गाडी घातलीच, तर खाली तीसच असावं, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानंतर इथे कुणी बुडालं नाही.

हे आणखी कुणाला माहीत आहे, असं टेगनने विचारलं. कुणालाच नाही, डेस म्हणाला.

नियम तो नियम. डेसने स्वतःच्या हातांनी खांब उपटला आणि बरोबर मापात बसवला. टेगन मनाने चांगली होती. या वयात माणसाची गावात शोभा कशाला, म्हणून कौन्सिलच्या पत्रकात तिने एवढंच छापलं की टिनपॉट ओढ्यावरील खांबाची देखभाल पूर्ण झाली. ती ओळ हरवलेल्या कुत्र्याच्या आणि केकच्या सोडतीच्या मधे आली. वाचली सगळ्यांनी.

तीन आठवड्यांनी वरच्या अंगाला पाऊस झाला. दुपारी साडेतीनला डेस रस्ता बंद करायच्या फळ्या घेऊन ओढ्यावर पोचला. खांबावर साठ होतं. पहिली फळी गाडीतून काढतोय, तोवर शाळेची बस आली. बस नोलीन चालवत होती, आणि आत अकरा मुलं होती, सगळी पलीकडच्या फार्मांवरची. डेसने थांब म्हणून हात वर केला. नोलीनने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला, जसा गावात सगळे करतात, आणि गिअर खाली टाकला.

डेसने फळी सोडली आणि सरळ पाण्यात शिरला. खांबाला मिठी मारून तो बसच्या वाटेत उभा राहिला. बस थांबली. नोलीनने खिडकीतून डोकं काढलं.

“डेस, येडा झालास का? बाजूला हो.”

“साठ आहे, नोलीन.”

“म्हणजे तीस. तिसातून बस आरामात जाते.”

डेसला आधी वाटलं, पाण्याच्या आवाजात आपण काहीतरी भलतंच ऐकलं. तीस कसे, त्याने विचारलं.

“खांब वाचायचा, तीस वजा करायचे. आमच्या पोरांना गाडी शिकवताना आम्ही आधी हेच शिकवतो. अख्ख्या गावाला पाठ आहे.”

“मला कधी कुणी बोललं नाही.”

“तुला कशाला बोलायचं?” नोलीनचा आवाज उतरला. “कॉलिननंतर तुला त्या खांबाचाच काय तो आधार होता.”

एकोणीस वर्षं डेस गावाला फसवत होता, आणि गाव त्याला फसवू देत होतं. त्याला रडू आलं. पण दोन्ही हात खांबाला होते, त्यामुळे डोळे पुसता आले नाहीत.

नोलीनची नजर मग त्याच्या पँटवर गेली. तीस पाणी माणसाच्या गुडघ्याखाली राहतं. डेसच्या ते अर्ध्या मांडीला होतं. तिने एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा मांडीकडे, आणि बस मागे घ्यायला लागली. पुढच्या काचेतून मुलं डेसला हात करत होती. बस चढावर पोचेपर्यंत तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी टेगनने सूचना तयार केली. तीन परिच्छेद, वर कौन्सिलचं बोधचिन्ह, खाली कलमाचा क्रमांक. डेसने ती शेवटपर्यंत वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि रंगाचा डबा मागवला. ओढ्याच्या दोन्ही काठांवर त्याने एकेक फळी ठोकली. दोन्हींवर एकच ओळ होती.

“आता वजा करू नका. – डेस.”