पाठीवरचा शब्द

"हे मागं काय लिहिलंय, पोरी?" फाआमानूने पिवळं जाकीट उलटंसुलटं करत विचारलं.

"लेबर," फुआतिनो म्हणाली. "म्हणजे काम करणारा माणूस. वाईट शब्द नाहीये. आपिया शहरातल्या ऑफिसात सगळे वापरतात."

"साहेबाच्या पाठीवर पण आहे का?"

वर वाशावर बसून दोरी आवळणारा त्याचा मदतनीस सेफो खिदळला. "साहेबाची पाठ खुर्चीला चिकटलेली. वाचणार कोण?"

फाआमानू हसला नाही. गावाचं सभाघर वादळानं नेलं होतं. ते तो पुन्हा उभं करत होता. एकही खिळा न मारता, नारळाच्या दोरीनं बांधून. आधीचं त्याच्या आजानं बांधलेलं. शनिवारी त्याच छपराखाली फुआतिनोच्या बापाला, पेसामिनोला, घराण्याची सरदारकी मिळायची होती. मधला भाग शाकारून झाला होता, दोन्ही टोकं उघडी होती. पैसा ऑफिसचा, आणि फुआतिनो ऑफिसची कारकून. फॉर्मवर दोनच रकाने होते: सर्टिफिकेटवाला सुतार, नाहीतर लेबर. रकाने पाडणाऱ्यानं जन्मात वासा उचलला नव्हता.

फाआमानूने जाकिटाची नीट घडी घालून तिच्या वहीवर ठेवली. वासे तासायचं हत्यार फडक्यात गुंडाळलं आणि चालू लागला. सेफो गाठ अर्धी सोडून खाली उतरला.

"अहो, पण झालं काय?" फुआतिनो मागून ओरडली.

कुणी वळून बघितलं नाही.

तिने शेजारच्या गावच्या कारागिराला फोन लावला. "आधी कोण होतं?" त्याने विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाला, "फाआमानू अर्धं टाकून गेला? मग त्या घराला आमच्यातला कुणी हात लावायचा नाही." दुप्पट मजुरी म्हणेपर्यंत फोन बंद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती नवं जाकीट घेऊन फाआमानूकडे गेली. पाठीवर 'मास्टर'. त्याने आधी तिच्यापुढं उकडलेला तारोचा कंद ठेवला.

"बदलला ना मी शब्द!"

"बदललास. काल ते, आज हे. मी कोण, ते रोज सकाळी तुलाच विचारायला येऊ?"

"मग लिहू तरी काय?"

"खा. गार होतंय."

घरी येऊन ती बापावर वैतागली. "बाबा, लेबरला लेबर म्हणायचं नाही, मास्टर म्हटलं तरी चालत नाही. या म्हाताऱ्याला हवंय तरी काय?"

गावात रीत होती: आपल्या माणसानं कुणाचा अपमान केला, तर घरातल्या मोठ्यानं डोक्यावरून मानाची चटई घेऊन त्याच्या दारात बसायचं. त्यानं ती उचलेपर्यंत हलायचं नाही.

शुक्रवारी पहाटे पेसामिनो उठला. फुआतिनोने पेटीतली चटई काढून दिली.

"ती राहू दे. ते जाकीट आण. पहिलं."

"बाबा, उद्या तुम्ही सरदार होणार! लोक काय म्हणतील?"

"वाचतील."

फाआमानूच्या घराला भिंती नव्हत्या, नुसते खांब. पेसामिनो जाकीट डोक्यावरून घेऊन दारात बसला. सगळं गाव बघत होतं. शाळेला निघालेली पोरं पिवळ्या कापडावरची अक्षरं मोठ्यानं जुळवत होती. फुआतिनो रस्त्यात उभी होती. बापाला उठवावं, की त्याच्या शेजारी बसावं, तिला कळेना.

ऊन वर आलं. फाआमानू आतून म्हणाला, "कोण बसलंय दारात?"

जाकिटाखालून पेसामिनो म्हणाला, "लेबर."