बेरिलची गाजरं

डबा वर येऊन दांड्याला टेकला आणि क्लॅरी म्हणाला, "सोळा."

बेरिल स्वयंपाकघराच्या खिडकीशी गाजरं सोलत होती. तिने मान वर केली नाही.

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा दोन्ही हात पुढे ताठ करून उभा होता. हातात फावड्याचा मोडका दांडा, दांड्याला मधोमध दोरी, दोरीला रंगाचा जुना डबा, डब्यात वाळू. मनगटं फिरवत दोरी दांड्यावर गुंडाळायची, डबा वर आणायचा, तसाच हळूहळू खाली सोडायचा. उजव्या अंगावरून वारं गेल्यावर क्लॅरीने हे सामान स्वतःच, डाव्या हाताने, शिव्या घालत बनवलं होतं.

एके काळी त्याची पकड अशी होती, की नाताळात त्याने पोस्टमनशी हात मिळवला तर तो बिचारा फेब्रुवारीपर्यंत डाव्या हाताने पत्रं वाटत होता. इथल्या ह्युऑन खोऱ्यात कोणालाही विचारा.

पहिल्या दिवशी मात्र डबा जमिनीवरून हललाच नाही. क्लॅरी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही, बोलला नाही. तिसऱ्या दुपारी त्याचा डोळा लागल्यावर बेरिलने डब्यातली दोन मग वाळू काढली आणि गाजरांच्या वाफ्यात टाकली. संध्याकाळी डबा वीतभर उचलला गेला, आणि क्लॅरी दोन माणसांचं जेवला.

एकदाच करायचं असं तिने ठरवलं होतं. पण आपला माणूस जेवतोय, शीळ घालतोय हे बघितल्यावर हात कुठला थांबतोय? दर आठवड्याला मगभर निघत गेली. वाळूने वाफा इतका भुसभुशीत झाला, की गाजरं हातहात लांब आली. परवाचं एक तर उपटता उपटता संपेचना, शेवटी तिला बादलीवर चढून ओढावं लागलं. "यंदा काय घातलंस गं वाफ्यात?" क्लॅरी विचारायचा आणि मिटक्या मारत खायचा. बेरिलच्या घशाखाली मात्र गाजर उतरायचं नाही.

"शनिवारी लाकूडतोड्यांच्या मेळ्यात आपलं नाव दिलंय," क्लॅरी खिडकीतून म्हणाला. "जोडीच्या करवतीच्या शर्यतीत."

सोलणं थांबलं.

"आणि बारावर सोडायला सांगितलंय. पहिल्यासारखं."

मेळ्यात आकडे मोजून जोड्या सोडतात. कच्ची जोडी तीनवर सुटते, मुरलेली फार मागून. बारा ऐकू येईपर्यंत करवत न हलवता उभं राहायचं आणि मग पुढच्यांना गाठायचं. बघायला सगळं खोरं असतं. बारावर सुटलेल्या जोडीला लाकूड तुटेना, तर कोणी हसत नाही. सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघतात. क्लॅरीला एक वेळ हसलेलं चाललं असतं.

बेरिलने म्हणून बघितलं, की घाई कसली, पुढच्या वर्षी जाऊ.

"सोळा वेळा वर आणला डबा, म्हातारे. तू मोजत नाहीस वाटतं?"

तिच्याइतकं नीट कोणीच मोजत नव्हतं.

तो तिला ओढतच परसात घेऊन गेला. ओंडका त्याने आधीच लाकूड कापायच्या घोडीवर चढवून बांधला होता. दोघं दोन टोकांना उभी राहिली, मधे लांब करवत. ही करवत फक्त ओढायची असते. आपण ओढून झालं की हात सैल सोडायचा, मग समोरचा ओढतो. ढकलली की पातं अडकलंच. एकतीस वर्षं दोघांनी जोडीने लाकडं कापली. बेरिलने एकदाही ढकलली नव्हती.

पहिले चार-पाच फेरे बरे गेले. मग करवत त्याच्याकडे जाताना अर्ध्यावर रेंगाळायला लागली. बेरिलला ते तळहातात कळत होतं. समोर क्लॅरीची बोटं मुठीवर पांढरी पडली होती, कपाळावरची शीर तटतटली होती, तरी तो दात काढून हसत होता. आणि बेरिलचा हात पुढे गेला. बोटभरच. पातं वाकलं आणि लाकडात रुतून बसलं.

क्लॅरीने मूठ सोडली.

"ढकललंस," तो म्हणाला.

हात घसरला म्हणता आलं असतं. तिच्या तोंडावर आलंही होतं.

"डब्यातली वाळू मी काढते," ती म्हणाली. "पहिल्या आठवड्यापासून."

"किती राहिलीय?"

"तीन मग. बाकीची तू खाल्लीस."

ती हे गमतीने म्हणाली नव्हती. तोंडून तसंच निघालं.

क्लॅरीने गाजरांच्या वाफ्याकडे बघितलं. मग व्हरांड्यातून डबा आणला, वाफ्यात गुडघे टेकले आणि ओंजळीओंजळीने काठोकाठ भरला. तिने मदतीला हात पुढे केला, तो त्याने कोपराने बाजूला सारला. परत व्हरांड्यात येऊन त्याने डबा दोरीला अडकवला, हात ताठ केले, मनगटं फिरवली. दोरी करकरली. डबा हलला नाही.

बेरिल पायरीशी उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबून.

"मेळेवाल्याला फोन कर," क्लॅरी तिच्याकडे न बघता म्हणाला. "तीनवर सोड म्हणावं."

"क्लॅरी, मी..."

"फोन नंतर. आधी इकडे ये." तो सरकला आणि दांड्याचं एक टोक त्याने मोकळं केलं. "ते टोक धर. आणि माझ्या वाटणीचं गुंडाळलंस तर बघ."

तिने हात एप्रनला पुसले आणि दांडा धरला. दोघांची मनगटं फिरली. डबा व्हरांड्याच्या फळीवरून तीन बोटं उचलला गेला, आणि वाळूबरोबर डब्यात आलेला गाजराचा हिरवा शेंडा थरथरत राहिला.