मासे बोलत नाहीत

“मासे बोलत नाहीत,” आईने मोठीच्या कानात सांगितलं. “तोंड उघडलं की पाणी आत जातं.”

मोठीने लगेच गाल फुगवून तोंड मिटलं. वय सहा, पण शहाणपण साठीचं. काळजी तिची नव्हतीच, काळजी होती बारक्याची. त्याची नुसती कुजबुजसुद्धा शेजारच्या घरात ऐकू जायची.

बाहेर पावसाने मुक्कामच ठोकला होता. घर इनमिन दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत, लोटलेल्या दाराआड, बाबा झोपले होते. पाण्याच्या टाकीवर ते रात्रपाळीचे पंपचालक. रात्रभर पंपाशेजारी बसायचं, टाकी भरली की पंप बंद करायचा आणि सकाळी घरी येऊन झोपायचं, अशी त्यांची उलटी दुनिया.

गेल्या आठवड्यात, याच पावसात, खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. पंप चालूच राहिला. टाकी भरून वाहिली आणि खालच्या गल्लीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. “पुन्हा झोप आली, तर मग कायमचे घरीच झोपा,” साहेब म्हणाले. बाबांनी घरी येऊन ते हसत हसत सांगितलं खरं, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

तेव्हापासून आईने एकच ध्यास घेतला. काही झालं तरी यांची दिवसाची झोप पुरी झाली पाहिजे. उघडीप असली की प्रश्न नसायचा. पोरं खिडकीखालच्या अंगणात दिवसभर धिंगाणा घालायची आणि बाबा ढाराढूर झोपलेले असायचे. पण तो बाहेरचा आवाज. घरातला आवाज घरातच घुमतो, असं आईचं ठाम मत. मग पोरांना घरात कोंडून गप्प ठेवायचं कसं? नुसतं ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणून किती वेळ बसतील बिचारी? म्हणून तिने बिनआवाजाचे खेळ शोधून काढले. भिंतीवर सावल्यांचे ससे झाले. पिसाला फुंकर मारून ते हवेत ठेवायचं झालं. आज समुद्राचा तळ होता.

तिने हिरवा पडदा ओढून घेतला आणि खोलीत खरंच पाणी भरल्यासारखं झालं. काचेवरून ओघळणाऱ्या पावसाची सावली भिंतीवर हलत होती. फरशीवर निळी चादर अंथरली होती. खुर्चीच्या पाठीला बांधलेले मोजे शेवाळासारखे लोंबत होते. मोठी पोटावर सरपटत टेबलाखालच्या गुहेत शिरली आणि तिथून बटणांचे मोती वेचून आणू लागली. एकेक मोती ती आईच्या ओंजळीत टाकायची आणि पुन्हा पोहत निघून जायची. आईनेही केस मोकळे सोडले होते. भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिला वाटलं, आपण सगळे असेच तळाशी राहिलो तर किती बरं होईल. वर साहेब असतील, टाकी असेल, नोकरीची टांगती तलवार असेल. इथवर काहीच पोचणार नाही. तिला फार सुखाचं वाटलं. असं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

बारक्याला मात्र मासा व्हायचं नव्हतं. त्याला कासव व्हायचं होतं, आणि कासवाला पाठ हवी होती. त्याने हाताने खुणा करकरून स्वयंपाकाच्या ओट्यावरची परात मागितली. एरवी आईने दिली नसती. पण तळाशी सगळंच हलकं वाटत होतं. तिने परात त्याच्या पाठीवर ठेवली, जुन्या पंच्याने बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली. कासव निघालं. हळूहळू, अगदी कासवाच्याच चालीने, ते चादरीच्या कडेपर्यंत गेलं आणि तिथे त्याला उभं राहावंसं वाटलं.

परात फरशीवर आदळली. नुसती आदळून थांबली असती तर ती परात कसली. ती कडेवर उभी राहिली, गरगरली, घरभर ठणठणत फिरली. आईने धावत जाऊन तिच्यावर हात दाबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बारक्याचा ओठ थरथरायला लागला. मोठीने पटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आई दार ढकलून आत गेली. बाबा टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडले होते. तिला रडूच आलं.

“चुकलं माझं. मीच दिली त्याला परात. झोप मोडली ना तुमची?”

“लागलीच कुठे होती?” बाबा म्हणाले. “गेल्या आठवड्यापासून लागतच नाही. उगाच तुला घोर नको म्हणून बोललो नाही.”

“एवढं शांत ठेवते, तरी?”

“अगं, तेच तर. रात्रभर माझा एक कान पंपाकडे असतो. तो घुमतोय तोवर सगळं ठीक. गप्प झाला, की काहीतरी बिघडलं. आता घरी येताना दुसरा कान कुठून आणू? खिडकीखाली पोरं भांडत असली, तू त्यांच्यावर ओरडत असलीस, की मी निर्धास्त. आणि आता तुम्ही तिघं भिंतीपलीकडे आहात, पण श्वासाचाही आवाज नाही. सारखं वाटतं, उठून बघून यावं.”

आई पलंगाच्या कडेवर बसली. म्हणजे इतके दिवस पोरांची तोंडं शिवून ती रोज नवऱ्यालाच जागं ठेवत होती. हसावं की रडावं, तिला कळेना.

दारात मोठी आणि बारक्या येऊन उभे राहिले होते, अजूनही तोंड मिटून. बाबांनी कूस बदलली, उशी पोटाशी घेतली. त्यांचे डोळे आपोआप मिटायला लागले होते.

“आत्ता ते वाजलं ना, तेव्हा कुठे जरा गुंगी आली,” ते जड आवाजात म्हणाले. “बारक्या, अजून एकदा पाड बघू.”