सातच्या ठोक्याला

“वीस वर्षांत हिनं दगा दिला नाही. सकाळी सातला सुरू म्हणजे सुरू!” परसूभाऊंनी गिऱ्हाइकासमोर पिकअपच्या बॉनेटवर थाप मारली. नजर अधू झाल्यानं गाडी आज विकायचीच होती. त्यासाठी मेव्हण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आणून बसवली होती. फक्त गल्लीला सांगायचं राहिलं.

सातला भाऊ स्टिअरिंगवर बसले आणि शेजारची दारं उघडली. मास्तर तोंडात ब्रश घेऊन आले, शेवंताकाकू पदर खोचत आल्या. रोजच्यासारखे सगळ्यांनी मागून हात लावले. “आज नको!” भाऊ ओरडेपर्यंत गाडी ढकलून झाली होती.

“गाडी राहू द्या,” गिऱ्हाईक हसलं. “ही माणसं देत असाल तर बोला.”

ते गेल्यावर काकू रोजच्यासारख्या भाऊंच्या ओट्यावर चहाला टेकल्या. “नाही ना घेतली? आम्हाला वाटलंच. आलं घाला जरा.”